रुमालाखालचा हात

होळी झाली की आमच्या कोपरखैरण्याच्या रस्त्यांवर पेंढा उडायला लागतो. तुर्भ्याच्या फळबाजारातून आंब्याच्या पेट्या भरून निघालेले टेम्पो वळणावर हिसके खातात आणि फळ्यांच्या फटींतून चार-चार काड्या गळत जातात. रिक्षातून उतरावं तर पहिली काडी चपलेला चिकटते. यंदाही चिकटली. ती काढायला वाकले, तर पेंढ्याचा, कच्च्या लाकडाचा आणि त्याखाली दबलेल्या हापूसचा तो मिश्र वास नाकात गेला. हातात भाजीची पिशवी घेऊन, मागच्या गाडीच्या हॉर्नला दाद न देता मी भर रस्त्यात उभी राहिले. वय झालं की असं होतं, असं आमच्या सोसायटीतल्या बायका म्हणतात. मला हे तिशीतही होत होतं.

आमच्या घरात सीझन हा शब्द आंब्यापुरता राखून ठेवलेला होता. लग्नाचा सीझन, परीक्षेचा सीझन वगैरे इतर लोकांचे. 'सीझन लागला' म्हटलं की माझे सासरे, आबा, आता पावसाळ्यापर्यंत उजाडायच्या आत बाहेर पडणार, दुपारी येऊन आडवे होणार आणि त्यांच्या सदऱ्याला सगळ्या घराला पुरेल इतका वास येणार, हे ओघानंच आलं. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, सासरे आंब्याच्या धंद्यातले म्हणजे घरात आंब्यांची रेलचेल असणार. कसली रेलचेल! आबा घरी आणत ते डागी आंबे. चांगला आंबा गिऱ्हाइकाचा, हा त्यांचा धर्म. पण डागाकडचा भाग कापून टाकून सासूबाई जो रस करायच्या, तसा पुढे मला कुठल्याही पंगतीत मिळाला नाही.

आबा मूळचे सातारा जिल्ह्यातले, कोरेगावकडचे. मुंबईच्या जुन्या बाजारात डोक्यावर पाटी घेऊन त्यांनी सुरुवात केली. मान मजबूत, बोलणं कमी आणि हात स्वच्छ, असं पाहून एका दलालानं त्यांना गाळ्यावर उभं केलं, विक्रीला. नव्वदीच्या दशकात फळबाजार खाडी ओलांडून तुर्भ्याला आला, तेव्हा आम्ही आधीच कोपरखैरण्याच्या बैठ्या घरात राहत होतो. "बाजारच माज्यामागं आला बगा," असं आबा सगळ्यांना सांगत. जसं काही सरकारनं त्यांना विचारूनच ठरवलं होतं.

विक्री म्हणजे आरडाओरडा, असा माझा समज होता. लग्नानंतरच्या पहिल्या सीझनला आबांनी मला आणि विलासला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बाजार दाखवायला नेलं, तर गाळ्यावर चिडीचूप. पेटी उघडून ठेवलेली. घेणारा एक, विकणारे आबा. दोघांनी हातात हात दिले, आबांनी खांद्यावरचा रुमाल त्या हातांवर टाकला आणि दोघंही भलतीकडे बघायला लागले. आबा छपराकडे, तो माणूस समोरच्या कलिंगडांच्या ढिगाकडे. रुमालाखाली काहीतरी वळवळलं, थांबलं, पुन्हा वळवळलं. मग रुमाल बाजूला झाला आणि हमाल पेट्या उचलायला लागले. भाव ठरला होता. याला हत्ता म्हणतात. किती बोटं धरली, कुठलं पेर दाबलं, त्यावरून आकडा कळतो आणि शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही. बागायतदारालाही लागत नाही, ही त्यातली मेख. त्यावरून मी आबांशी भांडलेही. ते म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमी पेपर काडता तो पोरांना आदी दावता का?" मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवत होते, आणि माझी थट्टा करायला आबांना तेवढं पुरत होतं.

दुखणं आलं तेव्हा त्याला घरात नाव नव्हतं. आबा सारखे उठायचे, मोरीत वेळ लागायचा, बाहेर येताना चेहरा ओढलेला असायचा. सासूबाईंनी निदान केलं की उन्हाळी लागली. ऐन थंडीत! धने-जिऱ्याचं पाणी झालं, सब्जा झाला, कोणीतरी सांगितलं म्हणून वाळ्याची जुडी माठात पडली. मी एकदा म्हटलं, "आबा, डॉक्टरला दाखवू या." तर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुज्याशी काय बोलायचं ह्यावर?" खरंच होतं ते. सासरा आणि सून यांच्यामध्ये जे काही शब्द असतात, त्यांत हे शब्द बसत नाहीत. शेवटी दुखणं पाठीत उतरलं, तेव्हा विलासनं त्यांना खाडीपलीकडच्या मोठ्या इस्पितळात नेलं. मला बरोबर घेतलं, कारण विलासला रक्त तपासायला दिलेली बाटली बघूनही घाम फुटतो.

डॉक्टर तरुण होते, सरळ बोलणारे. प्रोस्टेटचा कॅन्सर, हाडांपर्यंत पोचलेला. पण यावर उपाय आहे, म्हणाले. ही गाठ पुरुषी हार्मोनच्या जोरावर वाढते. ते हार्मोन जिथं तयार होतं, तो भाग काढून टाकायचा. ऑपरेशन छोटं आहे. विलास खिडकीतून बाहेर बघायला लागला. मी भिंतीवरचा मूत्रपिंडाचा तक्ता असा वाचू लागले की जन्मात पहिल्यांदा मूत्रपिंड बघते आहे. आबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे बैल करायचा म्हना की." डॉक्टर गोरेमोरे झाले. आबाच पुढे म्हणाले, "करा. बैल काय कमी काम करतो व्हय?" त्या माणसाचं मला त्या क्षणी इतकं कौतुक वाटलं की रडू आलं, आणि ते लपवायला तो तक्ता बरा सापडला.

ऑपरेशन झालं. सोबत एक गोळी सुरू झाली, दिवसातून तीनदा. आणि इथून सासूबाईंचं काम सुरू झालं. तोवर या सगळ्या प्रकरणात त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. बायकोचा ज्याच्याशी सगळ्यात जास्त संबंध, त्या गोष्टीची चर्चा डॉक्टर, मुलगा आणि सून करत होते आणि त्या बाहेरच्या बाकावर पिशवी धरून बसत होत्या. गोळी मात्र त्यांची. त्यांना वाचता येत नव्हतं, पण गोळ्यांची पाकिटं त्या रंगावरून ओळखत. हातावर गोळी ठेवणं त्यांना रुचत नसे. वाटीत ठेवायच्या, बाजूला गुळाचा खडा, आणि आबांनी गिळेपर्यंत समोर उभ्या राहायच्या. देवाला नैवेद्य दाखवतानाही त्या इतक्या स्थिर उभ्या राहत नसत. आबा मला डोळा मारून मुद्दाम उशीर लावत.

दोन सीझन चांगले गेले. पाठ थांबली, अन्न गोड लागायला लागलं, आबा गाळ्यावर उभे राहिले. थोडे जाड झाले, चेहऱ्यावर एक मऊपणा आला. घाम मात्र फार यायचा. बसल्या जागी अंगातून उष्णतेची लाट निघायची आणि ते पंच्यानं वारा घेत बसायचे. बायकांना पाळी जाताना होतं तसंच हे, असं मी सासूबाईंना हळूच सांगितलं. त्या तोंडाला पदर लावून खूप हसल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आबांच्या उशाशी स्वतःचा ताडाचा पंखा ठेवायला सुरुवात केली.

वर्गात मी हार्मोनचा धडा घेते तेव्हा पुस्तकात कुलूप आणि किल्ली असते. हार्मोन ही किल्ली, पेशीतला ग्राही हे कुलूप. मुलांना ते पटकन समजतं, परीक्षेत लिहितात, मार्क मिळतात. पण आबांच्या दुखण्यात मी जे पाहिलं त्यानंतर मला कुलूप-किल्ली सांगताना अवघडल्यासारखं होतं. कुलूप बिचारं जिथल्या तिथं असतं, जसं बनवलं तसंच राहतं. पेशीचं तसं नसतं. तिला जगायचं असतं. हार्मोन भरपूर येत होतं तोवर तिनं त्याचा हुकूम ऐकला, वाढली. ते तोडलं तर ती गप्प झाली. पण मेली नाही, कान देऊन बसली. उपाशी माणसाला चार घरं पलीकडची फोडणीसुद्धा कळते, तसं रक्तात उरलेलं चिमूटभर हार्मोनही तिला पुरायला लागतं. ती ग्राही वाढवते, एकाचे अनेक करते. कॅन्सरच्या पेशीचा मला राग यायला हवा, आणि तो आहेच. पण शिकवता शिकवता तिच्या चिवटपणाविषयी बोलायला लागले की माझा आवाज थोडा बदलतो, असं एकदा एका विद्यार्थिनीनं मला सांगितलं.

तिसऱ्या सीझनच्या तोंडावर पाठ पुन्हा धरली. मग मांडी. आबांना पाटावर बसता येईना. गाठ किती वाढली ते ज्यावरून कळतं, तो रक्तातला आकडा चढला होता. मी डॉक्टरांना विचारलं, "गोळी वाढवायची का?" ते म्हणाले, "उलट. बंद करून बघू."

मला आधी ते कळलंच नाही. त्यांनी समजावलं तेव्हा मात्र मी खुर्चीच्या कडेवर आले. ही गोळी ग्राहीवर जाऊन नुसती बसून राहते, हुकूम देत नाही, फक्त जागा अडवते. पण काही रोग्यांत पेशी आपला ग्राहीच बदलते. बदललेल्या ग्राहीला ही अडवणारी गोळीच हुकमासारखी वाटायला लागते. म्हणजे ज्यानं रोग दाबायचा, त्यावरच रोग पोसला जातो. अशा वेळी गोळी थांबवली तर काही जणांत गाठ काही महिने मागे हटते. हे नवीनच कळू लागलं आहे, ते म्हणाले. सगळ्यांत होतं असं नाही, खात्री देत नाही, पण करून बघायला हवं. आबा ऐकत होते. बाहेर पडताना जिन्यावर मला म्हणाले, "काय म्हनला त्यो? सोप्पं करून सांग." मी कठड्याला टेकून विचार केला आणि म्हटलं, "आबा, हत्त्यात कोणी नुसताच हात देऊन बसलं, भाव काही दाबलाच नाही, तर काय होईल?" ते म्हणाले, "खरं गिऱ्हाईक खोळंबंल." मी म्हटलं, "ही गोळी तशी आहे. आणि आता तुमच्या त्या पेशींना त्या नुसत्या हाताचाच भाव कळायला लागलाय." आबा जिन्यात थांबले. म्हणाले, "बंद कर."

बंद कर म्हणणं सोपं होतं. घरी आल्यावर सासूबाईंनी पाकीट काढलं, वाटी काढली, गूळ काढला. मी म्हटलं, "आई, डॉक्टरांनी गोळी थांबवायला सांगितलीय." त्यांचा हात वाटीवर तसाच राहिला. आमच्याकडे डॉक्टर औषध थांबवतात ते एकाच वेळी. मग घरी न्या, आवडीचं खायला घाला, असं सांगतात. मी समजावत राहिले, विलासही त्याच्या पद्धतीनं म्हणाला, "आई, टेन्शन नको घेऊ, डॉक्टर बोललेत ना." सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे हात टेकलं त्येंनी?" नाही म्हणून सांगितलं, तर त्यांनी नुसती मान हलवली.

बातमी साताऱ्याला गेली. आबांची धाकटी बहीण, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणत असू, बूथवरून फोन करकरून सगळ्यांना सांगत होत्या, "दादाचं औशीद सुनेनं तोडलं. शिकल्याली हाय ना!" मग त्या स्वतःच आल्या, चार दिवस राहिल्या. माझ्याशी एक शब्द वावगा बोलल्या नाहीत, पण आबांच्या खाटेशी बसून माझ्या दिशेनं उसासे टाकत राहिल्या. मला भीती वाटत होती, हे लपवत नाही. डॉक्टरांनी खात्री दिली नव्हती. आबांचं दुखणं वाढलं, किंवा ते गेले, तर या घरात आणि त्या गावात मी जन्मभर सासऱ्याचं औषध तोडणारी सून राहणार होते. आणि ते शास्त्र मला स्वतःलाच जिन्यात उभं राहून समजलं होतं, तेवढ्यावर मी सगळ्यांशी झुंजत होते.

चैत्र-वैशाखाचे ते दिवस मला रंगानं आठवतात. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पेंढ्यावर डागी हापूस पसरलेले, दुपारी पत्र्यातून उतरणारी धग, आणि आबांपुढची पितळी वाटी, केशरी रसानं काठोकाठ. आबांचं जेवण तुटलं होतं, पोळी जात नव्हती, पण रस जायचा. सासूबाई दोन्ही वेळेला स्वतः पिळून द्यायच्या, मला हात लावू द्यायच्या नाहीत. मला वाटलं, गोळीचं काम गेलं म्हणून त्यांनी हे काम धरलंय. बरंच झालं म्हटलं.

पण आबांना उतार पडेना. पुन्हा इस्पितळात गेलो, तर आकडा आणखी चढलेला. डॉक्टर म्हणाले, "मग तुमच्या आबांच्या बाबतीत तसं नसणार. दुसरं काही बघू." परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसून होते. वाशीच्या पुलावरून खाडी दिसत होती, ओहोटीची, सगळा चिखल उघडा पडलेला. आबा शेजारी तिरके बसले होते, दुखरी बाजू वर करून. ते म्हणाले, "तुज्या डाक्टरला सांग, गोळी बंद कुटं झालीया?"

मी खिडकीपासून वळले.

"रसात आसती," ते म्हणाले. "कुटून घालती. म्या चाळीस वर्सं हापूस चाखतोय. पयल्याच वाटीला कळलं."

"आणि तुम्ही खात राहिलात?"

"तिला बरं वाटत व्हतं," आबा म्हणाले. मग पूल संपेपर्यंत ते समोरच्या दांडीला धरून बसून राहिले.

मला काय वाटलं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. राग आला, दोघांचाही. आणि रागाच्या तळाशी इतकी माया होती की रागाला धड धार येईना. डॉक्टरांपुढे, नवऱ्यापुढे, साताऱ्याच्या आत्याबाईंपुढे मी जे लढत होते, ते सगळं एका वाटीत, दोन माणसांच्या संगनमतानं विरघळून जात होतं. त्यातलं एक माणूस न सांगता देत होतं आणि दुसरं न सांगता घेत होतं.

घरी गेलो तर रसाची वाटी तयार होती. मी सासूबाईंना विचारलं. त्यांनी एक क्षणही आढेवेढे घेतले नाहीत. "व्हय, घातली. घालनारच. तू पुस्तकातलं बगतीस. म्या मानूस बगतीया. त्येंनी हातपाय गाळलं तर म्या काय नुसती बगत बसू?" मी बोलायला तोंड उघडलं, आणि मला कळलं की माझ्याकडे त्यांना सांगण्यासारखं काही नाही. कुलूप नाही, किल्ली नाही.

आबांनी खाटेवरून हाक मारली. "आगं, हिकडं ये. हात दे."

"आवो, सून हाय समूर."

"आसू दे. हात दे."

त्यांनी बायकोचा हात हातात घेतला आणि उशाचा रुमाल त्यावर टाकला. इतकी वर्षं बाजारात काढलेल्या माणसानं घरी हत्ता कधी दाखवला नव्हता, आणि त्यांच्या बायकोनं कधी विचारला नव्हता. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, लाजेनं आणि भीतीनं. रुमालाखाली हालचाल झाली.

"काय कळलं?"

"बोटं दाबली."

"किती?"

"तीन."

"हां. समज, तीन बोटं म्हंजे तीन पेट्या उचल. तू उचलनार. आता समज, मी हात दिला, पर दाबलंच न्हाय. नुसता ठिवला, लाकडावानी. तू काय उचलनार?"

"कायबी न्हाय."

"आन दुसऱ्याला तुजा हात गावनार न्हाय, जागा आडली. ही तुजी गोळी. दोन वर्सं तिनं माजं राखलं. तू राखलंस." आबांना दम लागला होता. ते थांबले, पुन्हा बोलले. "आता तुजा तळहातच येडा झाला. लाकूड ठिवलं तरी तुला वाटतंया दाबलं. उचलाय लागलीस पेट्या, एक झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. मी तर काय मागितलं न्हाय. मग ते लाकूड तुज्या हातात कोन देतंय?"

सासूबाईंनी रुमालाकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "म्या."

"तुला कुटं म्हाईत व्हतं," आबा म्हणाले.

मी स्वयंपाकघरात निघून गेले. पाण्याचा माठ भरलेलाच होता, तो उगाच पुन्हा भरला. बाहेर आले तेव्हाही रुमाल तसाच होता आणि त्याखाली हात होते. संध्याकाळी सासूबाईंनी गोळ्यांची उरलेली सगळी पाकिटं आणून माझ्यापुढे ठेवली. धान्याच्या डब्यात खोल, तांदळाखाली ठेवलेली ती पाकिटं मला जन्मात सापडली नसती.

आणि आबांना उतार पडला. कुणाला खोटं वाटेल, मलाही वाटत होतं. आधी झोप लागायला लागली, मग मांडीतली कळ ओसरली, मग एक दिवस ते पाटावर बसून जेवले. कोकणातला आंबा संपत आला होता. बाजारात जुन्नरकडचा उशिराचा हापूस येत होता. आबा म्हणाले, गाळ्यावर जाऊन येतो. मी आणि विलास बरोबर गेलो. बाजारातली गर्दी पातळ झाली होती, रिकाम्या पेट्यांच्या चळती लागल्या होत्या, सडक्या फळांवर माश्या घोंगावत होत्या. सीझनच्या शेवटाला बाजार फार सुंदर दिसतो असं काही नाही. पण आबांना बघून हमाल पाट्या ठेवून आले, दलालानं स्वतःची खुर्ची दिली. आबा खुर्चीत बसले नाहीत, उभे राहिले. पेटीतला एक आंबा उचलून देठाशी नाक नेलं आणि डोळे मिटले. मी विलासकडे बघितलं तर तो खिडकी शोधत होता, आणि गाळ्याला खिडकी नव्हती.

हे उपकाराचे महिने होते, कायमचे नव्हते, ते डॉक्टरांनी सांगितलेलंच होतं. आता हा सगळा भाग बराच उलगडला आहे, पुस्तकांत आला आहे, मी तो मुलांना सांगते. पुढच्या पायरीवर पेशीला कुणाचा हात लागत नाही. हार्मोन नको, गोळी नको. ती दुसऱ्या वाटा काढते, स्वतःच्या आत स्वतःच हुकूम तयार करते आणि स्वतःच पाळते. रिकाम्या रुमालाखाली भाव ठरत राहतो. दिवाळीनंतर आबांचं तसं झालं. या वेळी थांबवायला काही नव्हतं. ते फार बोलत नसत, कण्हतही नसत. सासूबाई ताडाचा पंखा घेऊन बसून असत, थंडी पडली होती तरीही. संक्रांतीच्या आधी आबा गेले.

तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. बाजारातले हमाल आले होते, दलाल आले होते, साताऱ्याहून सगळे आले होते. पंगत उठत होती. मी वाढून वाढून दमले होते आणि दारातल्या खांबाला टेकून उभी होते. आत्याबाई बायकांच्या घोळक्यात बसल्या होत्या. त्या मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या, "दादा आजून धा वर्सं जगला आसता. औशीद चालू ठिवाय पायजे व्हतं. पर सुनेपुडं कोन बोलनार?"

विलास ताटं उचलत होता, त्यानं मान वर केली नाही. मी तयारीच केली होती. हे कधीतरी येणार हे मला त्या जिन्यातच ठाऊक होतं.

सासूबाई भिंतीशी बसल्या होत्या, पांढऱ्या कपाळाच्या, तेरा दिवसांत कुणाशी धड न बोललेल्या. त्या म्हणाल्या, "वन्स, औशीद म्या बंद केलं."

सगळ्या त्यांच्याकडे वळल्या.

"माज्या सुनेला, सुनंदाला, काय बोलायचं न्हाय. तिनं सांगटलं तवा म्या ऐकलं न्हाय. ह्येंनी सांगटलं तवा बंद केलं. ह्या माज्या हातानं. त्येच्यामुळं मानूस पुन्यांदा पाटावर बसून जेवला. इचारायचं आसंल तर मला इचारा."

आत्याबाईंनी पदर डोळ्याला लावला. विषय तिथंच संपला, आणि पुढे कधी निघाला नाही.

पाहुणे गेल्यावर आम्ही दोघी मोरीशी भांडी घासायला बसलो. सासूबाई राखेनं पातेलं घासत होत्या, मी विसळत होते. मग त्या हात न थांबवता म्हणाल्या, "रसात घालत व्हते तेवडं दीस. ते नसतं घातलं तर ह्ये आजून थोडं ऱ्हायलं आसतं का गं?"

मला ठाऊक नव्हतं. आजही नाही. गेली इतकी वर्षं मी त्या विषयावरचं जे हाताला लागेल ते वाचते आहे, आणि त्यात कुठं त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नाही. पण त्या दिवशी मी पातेलं खाली ठेवलं आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावं अशा आवाजात सांगितलं, "नाही आई. त्यानं एका दिवसाचाही फरक पडला नाही. शास्त्रात तसं स्पष्ट आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मान हलवली, पुढचं पातेलं ओढलं आणि घासायला लागल्या.